राहिलेला फर्मा

"ही पेपरात तरी काही बोलेल का?"

प्रश्न वैजयंताच्या सासूचा होता. विचारला होता सासऱ्यांना. आणि वैजयंता खिडकीबाहेरच्या मोरीत त्याच दोघांच्या कपबश्या विसळत बसली होती.

तिनं नळ बारीक केला.

"तीच तर धास्ती आहे," सासरे म्हणाले. "तीन महिने झाले घरात येऊन. हो आणि नाही, याच्यापुढं तिचा तिसरा शब्द मी ऐकला नाही. उद्या मराठीत नापास झाली तर लोक काय म्हणतील? ज्यानं गाइड लिहिलं, त्याचीच सून..."

"मग बसवूच नका परीक्षेला."

"रविवारी तोंडी घेतो. समाधान झालं तर पाठवीन. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी पाळणा हलायचा."

"मग प्रश्नच मिटला."

वैजयंतानं कपबशी पालथी घातली. तिला राग आला की तिचे हात जास्त चांगलं काम करत. त्या दिवशी कपांचे दिवाळीपासूनचे डाग निघाले.

मंगळवार होता. रविवारला मध्ये चार दिवस.

आता हे गाइड काय, ते सांगायला हवं.

बारावीच्या मराठीला त्या वर्षी एक जुनी कादंबरी होती. वीस वर्षांपूर्वीही ती अभ्यासक्रमात होती, मग गेली, आता परत आली. गावात तिला कुणी नावानं ओळखत नसे. नुसतं 'कादंबरी' म्हणत, जणू जगात एकच लिहिली गेली. आणि ती वाचलेला माणूस गावात दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. कोल्हापुरात दुकानात मिळते म्हणत, पण आणायची कशाला? इंगवले सरांचं गाइड होतं.

इंगवले सर म्हणजे वैजयंताचे सासरे. तिच्या माहेरच्या रिवाजाप्रमाणं ती सासऱ्यांना मामा म्हणे आणि सासूला आत्ती. म्हणे म्हणजे, वेळ आली तर म्हणे.

लग्नाच्या बोलणीत तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती. पोरीनं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून बारावीला बसणार आहे, तेवढं बसू द्या. पास झाली तर मास्तरीण व्हायचं तिच्या मनात आहे.

"आमच्याकडं म्हणजे गंगा घरात," सर म्हणाले होते. आणि साखरपुड्यातच त्यांनी गाइडची एक प्रत सही करून सुनेच्या ओटीत घातली होती. नारळाच्या शेजारी.

तीन महिन्यांत वैजयंतानं ते सगळं पाठ केलं. गर्व नव्हता, असं नाही. गप्प माणसाचा गर्व दिसत नाही, इतकंच.

अडत होतं फक्त अकराव्या प्रश्नाला.

'नायिकेच्या आत्मत्यागाचे महत्त्व विशद करा.' गुण दहा.

उत्तर दीड पानाचं होतं. सासुरवासाला कंटाळून नायिका एका पहाटे डोक्यावर गाठोडं घेऊन नदीत शिरते. पुढं सरांनी लिहिलं होतं, 'डोक्यावरचे गाठोडे हे संसाराच्या ओझ्याचे प्रतीक होय.'

या वाक्यापाशी आलं की वैजयंताची गाडी थांबे. पुढचं सगळं यायचं. पण गाठोडं काही डोक्यावरून उतरत नव्हतं.

गंमत म्हणजे, वीस वर्षांपूर्वी पेपरात या नदीच्या प्रसंगावर काही आलं की गावातल्या मुलांना मार्क कमी पडत. सर म्हणत, "पेपर कोकणात जातात तपासायला. त्यांना घाटावरचं दुःख कळत नाही."

बुधवारी सकाळी सर पेन्शनच्या कामाला गेले. गाठोड्याचं मुळात काय आहे ते बघायला वैजयंतानं त्यांच्या कपाटातून कादंबरी काढली. शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का होता. परत करायची तारीख होऊन वीस वर्षं झाली होती.

पहिलं पान उलटलं आणि पुठ्ठा हातात आला. दुसरं उलटलं आणि शिवण सुटली.

ती पुस्तकाकडं पाहत राहिली... मग धान्याचा डबा काढला, पुस्तक फडक्यात गुंडाळून गव्हावर ठेवलं, आणि म्हणाली, "आत्ती, दळण."

गिरणीला लागून बाबालाल चाचांची खोली होती. गावातल्या शाळांची हजेरीपत्रकं, देवळांच्या पोथ्या, पतसंस्थेची खातेपुस्तकं, सगळं बांधायला तिथं येई. चाचांचं वय सत्तरच्या पुढं. अंगावर गिरणीचं पीठ आणि हाताला खळ. त्यामुळं माणूस सदा अर्धवट चिकटवल्यासारखा दिसे.

"चाचा, हे बांधायचंय. रविवारच्या आत."

चाचांनी पुस्तक घेतलं. उघडलं नाही. पाठीवरून नुसतं बोट फिरवलं.

"इंगवले सरांकडचं?"

"हो."

"तू कोण?"

"सून."

"वाचलीस?"

"पाठ आहे."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "कादंबरी?"

"गाइड."

"हं..."

त्यांनी सुरी घेतली आणि उरलीसुरली शिवण उसवून टाकली. पुस्तकाचे जुडगे सुटे झाले. छापखान्यात एक मोठा कागद दुमडला की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. पुस्तक म्हणजे अशा फर्म्यांची चळत, एकावर एक ठेवून पाठीला शिवलेली.

चाचांनी ती चळत उचलली आणि पत्ते पिसावेत तशी पिसली.

वैजयंताचा हात पुढं झाला.

"लाव," चाचा म्हणाले.

"काय?"

"ओळीनं लाव. मग शिवतो."

तिनं एक फर्मा उचलला. पानाच्या खाली पाहिलं, वर पाहिलं.

"नंबर नाहीत."

"कटिंगला गेले. पहिल्यांदा हे मीच बांधलं हुतं. पातं आत गेलं."

"मग लावू कशावरनं?"

"वाचून."

"चाचा, मला वेळ नाही. रविवारी तोंडी आहे. सगळे प्रश्न पाठ आहेत माझे, फक्त..."

"मग गाइड आण. ते शिवून देतो. त्याला नंबर हायत."

आणि ते खळ ढवळायला लागले.

वैजयंता उठली. दारापर्यंत गेली. गिरणीत तिच्यापुढं सात डबे होते... ती परत आली आणि पोत्यावर बसली.

वाचायची तिची रीत अशी की एक डोळा ओळीवर आणि एक गिरणीकडं. नायिका कोणत्या फर्म्यात लग्न होऊन येते आणि कोणत्यात अजून माहेरी झोके घेते, तेच कळेना. तासाभरात तिनं चार फर्मे लावून पुढं सरकवले.

चाचांनी टोचा घेतला, पाठीला टेकवला, आणि काढून घेतला.

"दोरा जात न्हाई."

"का?"

चाचांनी फर्मे तिच्याकडं परत सरकवले.

तिनं चिडून पुन्हा वाचलं. एका फर्म्यात नायिकेच्या सासूचे सगळे दात पडले होते. पुढच्याच फर्म्यात ती कडाकडा सुपारी फोडत होती.

वैजयंताला हसू आलं. चाचा हसले नाहीत. पण खळीचं भांडं त्यांनी जरा बाजूला सरकवलं, तिचे पाय नीट मावतील असं.

गुरुवारी तिनं पुन्हा दळण काढलं.

"काल गव्हाचं झालं, आज कसलं?" आत्तीनं विचारलं.

"ज्वारी."

शुक्रवारी हरभऱ्याची डाळ निघाली. नणंद पद्मा कॉलेजला निघाली होती, ती उंबऱ्यात थांबली.

"वहिनी, गिरणीवाला काय गाइड दळून देतो का? सांग तरी, मी पण आणते माझं अर्थशास्त्र."

"घरात कुणाचं लगीन काढलंय का बघ," आत्ती म्हणाली. "तीन दिवसांत तीन डबे पीठ."

वैजयंता हसली आणि डबा कमरेवर घेऊन निघाली. चालताना तिचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. ओठ हलत होते. पण गाइड म्हणत नव्हती ती. आदल्या दिवशी नायिकेला नदीवर म्हशी धुणारी एक बाई भेटली होती. ती बाई पुढं कुठं गेली, हे तिला लागून राहिलं होतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत तेरा फर्मे ओळीनं लागले.

"झालं?" चाचांनी विचारलं.

"झालं... नाही."

"म्हंजे?"

"बाराव्याच्या शेवटी ती पाण्यात पाय घालते. तेराव्याच्या पहिल्या ओळीत, घरात तीन दिवस चूल पेटली नाही. सगळे तिला शोधताहेत. काठावर तिच्या वहाणा सापडतात. सासू रडते. तेरावं घालतात."

"मग? बुडली."

"गाइडात तसंच आहे."

"छापलंय म्हंजे आसंल."

चाचांनी सुईत दोरा ओवला. मेणावरून ओढला. पुन्हा ओढला. दोऱ्याला केव्हाच मेण लागलं होतं, तरी ते ओढत राहिले.

"चाचा..."

"बोल की."

"ती म्हशीवाली बाई तिला सांगते, पलीकडच्या बाभळीसमोरनं सरळ गेलं की पाणी कमरेच्या वर येत नाही. गाइडात ती बाईच नाही. 'प्रसंग गौण' म्हणून सोडलीय."

"हं."

"आणि गाठोड्यात काय काय बांधलं, ते बाराव्यात लिहिलंय. गाइडात नुसतं गाठोडं." तिनं फर्मा उघडून बोट ठेवलं. "दोन भाकरी. लसणाची चटणी. आणि एक कोरडं लुगडं."

चाचांचा हात थांबला.

"इथं एक फर्मा नाही," वैजयंता म्हणाली.

बाहेर गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. कुणाचं तरी दळण संपलं, दुसऱ्याचं सुरू झालं.

चाचा उठले. पुस्तकं दाबायच्या लोखंडी शिकंजाखाली एक फळी होती. तिच्या खाली आणखी एक पातळ फळी. दोहोंच्या मधून त्यांनी एक पिवळा पडलेला फर्मा काढला. कडांना खळीचे डाग होते. पण नंबर जागच्या जागी होते, कारण त्याला पातं लागलंच नव्हतं.

त्यांनी तो तिच्या हातात दिला नाही. आपल्या मांडीवर ठेवला.

"वीस वर्सांमागं सरांनी लई घाई केली हुती," ते म्हणाले. "गाइड लिहायचंय, लौकर बांध. मी रातीत बांधून दिलं. म्हयन्यानं फळी बदलली, तवा खाली ह्यो सापडला."

"मग सांगितलं नाहीत?"

"गेलो हुतो, ह्यो हातात घेऊन. सरांच्या दारात गर्दी. गाइड छापून आलं हुतं. सर पेढं वाटत हुते. मला बघितलं आनि म्हणाले, बाबालाल, ये, तुझाबी हात लागलाय याला. आनि पेढा दिला."

"मग?"

"खाल्ला."

"आणि?"

"गोड हुता..."

वैजयंतानं त्यांच्याकडं पाहिलं. वीस वर्षं. कादंबरी अभ्यासक्रमात होती तोवर दरसाल गावातली दीडशे पोरं. प्रत्येकानं त्या बाईला एकदा बुडवली होती.

"वाचू?" तिनं हात पुढं केला.

चाचांनी फर्म्यावर तळवा ठेवला. "आदी तू सांग. आत काय हाय?"

"मला काय माहीत? मी वाचलेलाच नाही."

"बाकीचे तेरा वाचलेस न्हवं?"

तिला आधी राग आला. मग ती विचारात पडली. मग हळूहळू बोलायला लागली. ती बाभळीसमोरनं उतरली असणार. मध्यावर धार जोराची असणार, तिथं एकदा ती घाबरली असणार. पाणी छातीपर्यंत आलं असेल, गाठोडं दोन्ही हातांनी धरलं असेल. पलीकडं गेल्यावर लुगडं बदललं असेल. मागं वळून पाहिलं नसेल.

इतकं ती त्या गावात आल्यापासून सलग बोलली नव्हती.

चाचांनी तळवा उचलला.

तिनं वाचलं. घाबरणं होतं. धार होती. पाणी मात्र खरंच कमरेच्या वर आलं नव्हतं, म्हशीवाली खरं बोलली होती. एकच गोष्ट वैजयंताला सुचली नव्हती. पलीकडं जाऊन नायिका कोरडं लुगडं नेसते, ओलं बाभळीवर वाळत घालते, भाकरी खाते, आणि बसून राहते. सोळांतली चार पानं नुसतं लुगडं वाळत होतं. त्या चार पानांत तिला कुणी हाक मारत नाही, आणि ती कुणाला ओ देत नाही.

मग ती लुगड्याची घडी घालते आणि चालू लागते.

वैजयंतानं फर्मा मिटला. तिच्या ध्यानात आलं, की नायिकेच्या घरच्यांना जे वाटलं, तेच सरांना वाटलं. वहाणा दिसल्या म्हणून बाई बुडाली.

"चाचा, पेपरात आता काय लिहू?"

"मला काय विचारतीस?"

"गाइडातलं म्हटलं तर मामा पाठवतील. हे म्हटलं तर..."

तेरा फर्म्यांची चळत चाचांनी तिच्यापुढं ठेवली, आणि चौदावा तिच्या शेजारी.

"ह्यो आत घालू, का परत फळीखाली ठेवू?"

"तुमची चूक आहे ती. तुम्ही ठरवा."

"मी ठरवलं हुतं. वीस वर्सं ठेवला की फळीखाली."

गिरणीवाल्यानं तिच्या डब्याचा पुकारा केला. ती उठली नाही.

"तुमचं नाव निघेल," ती म्हणाली.

"निघू दे."

"मामांचं गाइड..."

"हं."

"घाला," वैजयंता म्हणाली.

चाचांनी फर्मा बाराव्याच्या पाठीवर ठेवला, वर शेवटचा ठेवला, टोचे मारले आणि सुई तिच्या हातात दिली. "शीव."

तिनं दोरा घातला आणि दात खाऊन ओढला. पाठीचा कागद चर्रकन एवढासा फाटला.

"आसं न्हाई," चाचा म्हणाले. त्यांनी फाटल्या जागी चिकटपट्टी लावली. "दोरा बसला पायजे. कागद फाटला न्हाई पायजे."

"मग किती ओढायचा?"

चाचा खळ ढवळायला लागले होते.

रविवारी चारच्या सुमाराला सोप्यात तोंडी परीक्षा बसली.

सर आरामखुर्चीत. मांडीवर गाइड, जरी त्यांना ते पाठ होतं. आत्ती मेथी निवडत भिंतीशी. पद्मा आतल्या दारात, उगाचच. वैजयंताचा नवरा उदय साखर कारखान्यातून रविवारपुरता आलेला. तो वर्तमानपत्रामागं होता, पण पान उलटत नव्हता.

दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती. परीक्षेचं केंद्र तिच्या माहेरच्या गावात होतं. एसटी सोमवारी सकाळी सातची.

"अजून हो म्हटलं नाही कुणी, आणि पिशवी भरून तयार?" आत्ती म्हणाली.

वैजयंतानं हातातलं पुस्तक टीपॉयवर ठेवलं. नवा लाल कापडी पुठ्ठा.

"अरे वा, कादंबरी बांधून आणलीस?" सरांनी पुठ्ठ्यावर थोपटलं. "बाबालालचा हात आहे. अजून तसाच आहे म्हातारा." पण उघडली नाही.

मग त्यांनी प्रश्न घातले.

पहिला. तिनं उत्तर दिलं, स्वल्पविरामासकट. दुसरा. तिसरा. आवाज बारीक होता, पण अडत नव्हता. सहाव्या प्रश्नाला आत्तीचे हात मेथीत थांबले. आठव्याला सरांनी उदयकडं पाहिलं, आणि उदयनं वर्तमानपत्र खाली घेतलं. दहाव्याला सर खुर्चीत सावरून बसले. चेहऱ्यावर असं समाधान, जणू गाइड स्वतःच चालत-बोलत समोर उभं आहे.

"शाबास. आता अकरावा. नायिकेच्या आत्मत्यागाचे महत्त्व विशद करा."

वैजयंता गप्प.

"हं, सांग. सासुरवासाला कंटाळून..."

गप्पच.

दारातून पद्मा ओठांनी सांगायला लागली. 'गाठोडं. ओझ्याचं प्रतीक.' हातांनी डोक्यावर गाठोडंही दाखवलं.

वैजयंतानं ते पाहिलं आणि मान खाली घातली. सासऱ्यांच्या कानामागं केस पिकले होते. वीस वर्षांपूर्वी ते काळे असतील. हातात पेढ्यांचा पुडा असेल. या माणसानं साखरपुड्यात तिच्या ओटीत पुस्तक घातलं होतं. दुसऱ्या कुठल्या सासऱ्यानं ते केलं नसतं.

तिच्या डोळ्यांपुढं सगळं आलं, एकदम. फर्मा, फळी, बाभूळ, पेढा.

सरांनी वाट पाहिली. बरीच पाहिली. मग गाइड मिटलं.

"बघ," ते आत्तीला म्हणाले, दुःखानं. "म्हणत होतो ना. दहा मार्कांचा प्रश्न, आणि ऐन वेळी तोंड मिटलं."

"सोडा," आत्ती म्हणाली. "पोर भ्यालीय. पुढच्या वर्षी बसेल."

"पिशवी आत ठेव, वैजयंता. पुढच्या वर्षी बघू."

उदयनं वर्तमानपत्र परत वर घेतलं.

वैजयंता उठली. दाराशी गेली. पिशवीपाशी उभी राहिली... पण उचलली नाही.

ती परत आली. टीपॉयवरचं पुस्तक घेतलं. खळीच्या डागांचा तो फर्मा हाताला आपोआप लागला. तिनं तो उघडला आणि सासऱ्यांच्या मांडीवर, मिटलेल्या गाइडावर अलगद ठेवला.

सरांनी चष्मा शोधला.

सगळे तिच्याकडं पाहत होते. मेथीची काडी आत्तीच्या बोटांत तशीच होती.

"मामा, आत्ती," वैजयंता म्हणाली, "बुडायला निघालेली बाई बरोबर कोरडं लुगडं कशाला घेईल?"